मुलांच्या कलानं शाळा चालवायची म्हणजे ताईनं नक्की काय करायचं

तुम्ही दोघांनी विचारलंय की कोल्हापुरात घराच्या खालच्या मजल्यावर पहिली ते चौथीची छोटी मराठी शाळा काढायची आहे, वीस-पंचवीस मुलं, काय शिकायचं आणि किती वेगानं हे मुलांनीच ठरवायचं, ताई-दादा म्हणजे शिक्षक फक्त मदतीला. आणि तीन शंका आहेत, मुलं खरंच अभ्यासाला बसतील का, पालक टिकतील का, आणि पाचवीत मोठ्या शाळेत गेल्यावर ह्या मुलांचं काय होणार. मी एकवीस वर्षं ह्याच कामात आहे, आधी आठ वर्षं दुसऱ्यांच्या शाळेत शिकवलं आणि नंतर तेरा वर्षं अशीच एक छोटी शाळा चालवली, त्यामुळं जे हातानं केलंय त्यातलंच सांगते, जरा लांबेल.

सगळ्यात आधी ते "फक्त मदतीला" मनातून काढा. मुलांच्या कलानं घ्यायचं ठरवलं की शिक्षकाचं काम वाढतं, फळ्यासमोर कमी दिसतं पण आदल्या रात्री आणि शाळा सुटल्यानंतरच्या तासात ते बसलेलं असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि पहिल्याच वर्षी माझ्या हातून एका मुलाचं नुकसान झालं. मुलगा कुंभार गल्लीतला, पहिलीतला, घरी गणपतीच्या मूर्ती करतात. जूनपासून रोज सकाळी आला की सरळ मातीच्या कोपऱ्यात, आणि हात असा चालायचा की बघत राहावं, सोंड वळवताना श्वास धरून बसायचा. मी म्हणायचे मूल रमलंय, शिकतंय, आपण मध्ये पडायचं नाही. असं दिवाळीपर्यंत चाललं. सुट्टीच्या आधी त्याची आई आली आणि म्हणाली, ताई, ह्याला अजून स्वतःचं नाव वाचता येत नाही, माती काय तो घरीपण करतोय की, त्यासाठी शाळेत कशाला पाठवू? मला काही बोलताच आलं नाही. त्या माउलीचं शंभर टक्के बरोबर होतं.

झालं होतं असं की त्या मुलाला जे आधीपासून येत होतं तेच तो रोज निवडत होता, कारण दुसरं काही निवडावंसं वाटेल असं मी त्याच्यासमोर मांडलंच नव्हतं. ज्याची चव माहीत नाही ते पोर मागणार कसं? दिवाळीनंतर मी त्याच्या वडिलांकडून मूर्ती बुकिंगची जुनी वही मागून आणली. त्यात नाव, गल्ली, किती इंची मूर्ती, ॲडव्हान्स किती, बाकी किती, सगळं. त्याला म्हटलं ह्यात तुझ्या काकांचं नाव कुठं आहे ते शोध बघू. "का" कसा दिसतो ते त्यानं स्वतः विचारलं, मग "म", मग "ल", आणि मार्चपर्यंत तो ती वही अडखळत का होईना स्वतः वाचायला लागला. पुढच्या श्रावणात घरच्या मूर्तींवर बुकिंगच्या चिठ्ठ्या त्याच्या हातच्या होत्या. म्हणजे गाडी तोच चालवत होता, पण रस्त्यावर ती वही ठेवायचं काम माझं होतं आणि ते मी पाच महिने केलंच नव्हतं.

तेव्हापासून नोंदवही धरली ती आजतागायत सोडलेली नाही. प्रत्येक मुलाचं आठवड्याला एक पान, फक्त तीन ओळी, कशात रमलं, कुठं अडलं, सोमवारी त्याच्यासमोर काय ठेवायचं. उदाहरण देते, एका मुलीचं पान असं होतं: "दुकान-दुकान तीन दिवस. पैसे परत देताना हातचा चुकतो, पण चूक झाली हे तिला कळतं. सोमवारी मांडायचं: दहाच्या आणि एकच्या खऱ्या नाण्यांचा डबा, नोटा काढून घ्यायच्या." बास, एवढंच. ह्यात "छान प्रगती", "लक्ष देणे आवश्यक" असलं काही लिहायचं नाही, त्यानं सोमवारी काही करता येत नाही. रोज चार-पाच मुलांची पानं, अर्धा-पाऊण तास जातो आणि कंटाळा येतो, खरंच येतो, पण ही वही बंद पडली की शाळा दोन महिन्यांत नुसतं पाळणाघर होते, मी अशा दोन शाळा डोळ्यांनी बघितल्यात. कायद्यात प्राथमिकला तीस मुलांमागं एक शिक्षक चालतो, पण ही वही ठेवायची असेल तर माझ्या अनुभवानं बारा, ताणून पंधरा. तुमची शाळा छोटी हवी ती ह्याच्यासाठी.

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या शाळांचे व्हिडिओ बघून हे मनात आलं. २००९ साली टेक्ससमध्ये ऑस्टिनला जी अ‍ॅक्टन अकादमी सुरू झाली त्या धर्तीच्या शाळांबद्दल बोलताय असं धरते. तिथं शिक्षकाला गाइड म्हणतात, गाइडनं उत्तर द्यायचं नाही, उलटा प्रश्न विचारायचा, वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र बसतात, वर्गात कसं वागायचं ह्याचे करार आपणच लिहितात, शेवटी केलेलं काम सगळ्यांसमोर मांडतात. ह्यातलं पुष्कळ घेण्यासारखं आहे, काम सगळ्यांसमोर मांडणं आणि मिश्र वयाचे गट तर नक्की घ्या. पण उत्तर द्यायचंच नाही हे सहा वर्षांच्या, घरात एकही गोष्टीचं पुस्तक नसलेल्या मुलाला लावू नका. आणि लांब जायची गरज पण नाही. गिजुभाई बधेकांनी भावनगरला १९२० साली बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसोबत काम केलं, आणि आपल्या कोल्हापुरात १९८५ साली लीलाताई पाटलांनी सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. त्याच्याही आधी, १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. ज्या गावात हे सगळं झालंय तिथं तुमच्या शाळेला परकं वाटून घ्यायचं काही कारणच नाही.

आता मुलं अभ्यासाला बसतील का. बसतात, पण वाचनाच्या बाबतीत माझं मत पक्कं आहे आणि ह्यावर माझ्या काही मित्रांशी वाद पण झालेत. वाचायला शिकायचं की नाही हे मुलाच्या मर्जीवर सोडायचं नाही, काय वाचायचं ते त्याच्या मर्जीवर. पहिलीत रोज चाळीस मिनिटं, थेट शिकवायचं. अ अननसाचा पासून ज्ञ पर्यंत माळ लावण्यापेक्षा अक्षरगट घ्या, न, म, ल, क आणि काना एवढंच घेतलं तरी कान, नाक, काम, माल, काल, मान, लाल, मामा, काका, नाना एवढे शब्द पहिल्या पंधरवड्यात पोराच्या हातात येतात, आणि जे पोर स्वतः "मामा" वाचतं ते दुसऱ्या दिवशी आणखी अक्षरं मागायला येतं. त्याचं बोलणं लिहून घ्या, तेच त्याला वाचायला द्या. गडहिंग्लजकडचं मूल आणि कोल्हापूर शहरातलं मूल एकच गोष्ट वेगळ्या शब्दात सांगेल, दोन्ही तशीच लिहा, पहिलीत शुद्ध-अशुद्ध काढत बसू नका.

गणिताचं मात्र वेगळं आहे, तिथं गावच तुम्हाला धडे देतंय. एका पावसाळ्यातलं सांगते. जुलैत पोरं आली की पहिली गप्पा पंचगंगेच्या, पाणी किती आलं, बंधारे किती पाण्याखाली. एका चौथीतल्या मुलीनं सुचवलं की रोज राजाराम बंधाऱ्याची पातळी फळ्यावर लिहायची. मी फक्त एक लांब कागद भिंतीवर लावला आणि दोन रेघा मारल्या, ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका. बाकी सगळं त्यांचं. मोठ्या मुलांचं लगेच अडलं, कारण पातळी फूट-इंचात येते, ३८ फूट ९ इंच होती आणि ५ इंच वाढली तर एकानं ३८ फूट १४ इंच लिहिलं, दुसरा म्हणाला असं कसं, बारालाच फूट होतो की. हातच्याची बेरीज मी महिनाभर शिकवत होते, ती त्या सकाळी वीस मिनिटांत बसली.

आणि दुसरीतला एक मुलगा, पुराचं पाणी शिरतं अशा गल्लीत राहणारा. त्या दिवशी फळ्यावर लिहायची पाळी त्याची होती. कुणीतरी मोबाईलवरचं वाचून "त्रेचाळीस" म्हटलं आणि त्यानं लिहिलं ३४. आपल्या मराठीत हे होतंच, कानावर "त्रे" आधी पडतो, म्हणून तीन आधी लिहिला जातो. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात एकवीसला "वीस एक" म्हणायची पद्धत आली तेव्हा जो गदारोळ झाला तो ह्याच अडचणीपायी. मी उठणार होते दुरुस्त करायला, तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, चौतीस? मग इशाऱ्याच्या पण खाली आहे की पाणी, काळजी नाही. तो मुलगा एकदम वळला, म्हणाला नाही नाही, त्रेचाळीस झालं की आमच्याकडं सामान माळ्यावर टाकतात. मग फळ्याकडं बघितलं, भिंतीवरच्या रेघेकडं बघितलं, बोटानं ३४ पुसलं आणि ४३ लिहिलं. नंतर स्वतःशीच म्हणाला, चाळीस आणि त्रे. त्यानंतर दोन अंकी संख्या त्यानं उलटी लिहिलेली मला आठवत नाही. मी त्या वेळी उठले असते, "अरे उलटं लिहिलंस" म्हटलं असतं, तर त्यानं पुसून लिहिलं असतं आणि विसरला असता. कधी उठायचं नाही हे कळायला मला दहा वर्षं लागली, आणि ते कळतं नोंदवहीमुळं, कारण त्याचं काय चुकतंय हे मला दोन आठवडे आधीपासून माहीत होतं आणि ती पातळी लिहायची पाळी मी मुद्दाम त्याला दिली होती.

काही प्रश्नांना मात्र महिने द्यावे लागतात. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव होतो, ९, १०, ११ नोव्हेंबर आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत जातात. तिसरीतल्या एकीनं विचारलं, ताई सूर्य रोजच मावळतो, मग त्याच दिवसांत का? मला उत्तर माहीत होतं, सांगितलं नाही. तिला आणि तिच्या दोन मैत्रिणींना म्हटलं आपापल्या गच्चीवरून सूर्य कुठल्या इमारतीमागं जातो ते दर रविवारी वहीत काढा, जागा बदलायची नाही. डिसेंबरपर्यंत चित्रात सूर्य डावीकडं सरकत गेला, नाताळच्या आसपास थांबल्यासारखा झाला, आणि मग परत उजवीकडं. फेब्रुवारीत त्यांनी दिनदर्शिका मांडीवर घेऊन दिवस मोजले, १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१, २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी ४२. "जाताना जिथं होता तिथंच येताना आला" असं तिनं वहीत लिहिलंय, ती वही मी जपून ठेवलीय. तीन महिने मी फक्त सोमवारी विचारत होते, काल काढलं का?

दिवसाचं वेळापत्रक काय हे तुम्ही विचारलंय. सकाळी परिपाठ, मग वाचन-लेखन आणि गणित हे दोन्ही रोज करायचेच, क्रम मुलांनी ठरवायचा, जेवणानंतरचा वेळ स्वतःच्या कामाचा. सोमवारी प्रत्येकानं आपलं आठवड्याचं काम कार्डावर लिहायचं, पहिलीतल्यांनी चित्रानं, आणि शुक्रवारी काय झालं काय राहिलं ते स्वतः सांगायचं. राहिलं म्हणून शिक्षा नाही, पण का राहिलं ह्याचं उत्तर द्यावं लागतं. शनिवारी बालसभा, शाळेचे नियम तिथं. ह्यात एक सावध करते, मुलं आपल्यापेक्षा कडक असतात. एकदा सभेनं ठरवलं की जो धक्का देईल त्याला महिनाभर मैदान बंद, आणि दोन दिवसांत मैदानावर पोरंच उरली नाहीत. मी मध्ये पडले नाही, पण पुढच्या शनिवारी ज्यानं नियम सुचवला होता तोच बाहेर बसलेला होता आणि त्यानंच तो बदलायला लावला. कुणा एकाला सगळे मिळून कोपऱ्यात घेतायत असं दिसलं तर मात्र सभा तिथंच थांबवायची, हा अधिकार ताईकडंच ठेवा.

कायद्याचं थोडक्यात, पण हे टाळू नका. शिकवणीचं नाव लावून शाळा चालवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, ऐकू नका. शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्यात मान्यतेशिवाय शाळा चालवली तर एक लाखापर्यंत दंड आणि तरीही चालू ठेवली तर दिवसाला दहा हजारापर्यंत. तुमच्यासारख्यांसाठी रस्ता म्हणजे २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा, आधी नोंदणी झालेली संस्था लागते, मग शिक्षणाधिकारी कार्यालयातून प्रस्ताव. साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक, वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, रॅम्प, मैदान, कुंपण, शिक्षक डीएलएड (शिक्षणशास्त्राची पदविका) आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) झालेले. खालचा मजला ह्यात बसतो का हे आधी बघा, मला वाटतं मैदानावरून अडेल. पण शिकवायच्या पद्धतीला कायदा आडवा येत नाही, उलट कलम २९ मध्ये कृती, शोध आणि बालककेंद्री पद्धतीनं शिकवा असंच लिहिलंय, आणि २०१० पासून आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, त्यातल्या आकारिक नोंदी, म्हणजे मूल शिकत असतानाच करायच्या नोंदी, ही तुमची नोंदवहीच की. तपासणीला साहेब आले की ती वही समोर ठेवा, माझ्याकडं आलेल्या एका साहेबांनी ती तासभर वाचली होती.

पैशाचं. चोवीस मुलं, महिना दोन हजार फी धरली तर अठ्ठेचाळीस हजार येतात, दोन शिक्षकांना अठरा-अठरा दिले की छत्तीस गेले, उरलेल्या बारात लाइट, साहित्य, मावशींचा पगार. घर स्वतःचं आहे म्हणून हे जमेल, भाडं असतं तर नाही. त्यात पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या, त्यांच्या फीची रक्कम सरकारकडून येते, पण ती वेळेवर हातात पडेल असं धरून महिना आखू नका. आणि शिक्षकाच्या पगारात काटकसर करू नका, लाकडी महागडं साहित्य नंतर घ्या. चिंचोके, काड्यांचे गठ्ठे, तागडी, जुने कॅलेंडर, लक्ष्मीपुरीच्या बाजारातली मापं ह्यावर माझी पहिली चार वर्षं गेली.

पालक टिकतात का? काही जातात, ते धरून चाला. त्यांची भीती खरी आहे, शेजारचं पोर पाढे घडाघडा म्हणतंय, वह्या भरलेल्या आहेत, इंग्रजीत कविता म्हणतंय, आणि आपलं पोर घरी येऊन सांगतंय की आज मुंग्या मोजल्या. त्यांना तत्त्वज्ञान सांगू नका. वर्षातनं तीनदा बोलवा आणि तुम्ही गप्प बसा, मुलानं आपली फाईल उघडून आईबाबांना स्वतः दाखवायचं, जूनचं हे, आत्ताचं हे, इथं मला अजून येत नाही. एका रिक्षावाल्या वडिलांनी असंच ऐकून घेतलं आणि शेवटी मुलाला विचारलं, मग येत नाही त्याचं काय करणारैस? पोरानं उत्तर दिलं. ते गृहस्थ पुढं चार वर्षं पालकसभेला न चुकता आले. पाढे मात्र पाठ करून घ्या, तिसरीपर्यंत दहापर्यंतचे, समजल्यानंतर पाठांतरानं काही बिघडत नाही.

पाचवीचं शेवटी. आमची मुलं मोठ्या शाळेत गेली की पहिले दोन-तीन महिने जड जातात, हे लपवण्यात अर्थ नाही. साठ मुलांचा वर्ग, घंटा झाली की हातातलं काम टाकायचं, आणि प्रश्न विचारला तर प्रत्येक ठिकाणी आवडतोच असं नाही, एक मुलगी रडत परत आली होती की सर म्हणाले जास्त बोलू नकोस. आता पाचवीला वार्षिक परीक्षा पण आहे, आणि आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्तीचा जोर किती आहे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून चौथीच्या दिवाळीनंतर मी आठवड्यातून एक दिवस मोठ्या शाळेसारखा घ्यायला लागले, ओळीत बसणं, घड्याळ लावून पेपर, फळ्यावरचं उतरवून घेणं, आणि मुलांना का ते स्पष्ट सांगायचे. मुलांना तो खेळासारखा आवडतो. सहामाहीपर्यंत बहुतेक जण रुळतात, आणि ज्यांना एकट्यानं बसून आपलं काम आखायची सवय लागलीय ते आठवीत-नववीत ट्यूशनशिवाय निभावतात, माझ्या डोळ्यासमोरची पोरं आहेत ती.

येत्या जूनला चारही वर्ग एकदम सुरू करायचे म्हणताय, ते करू नका. मान्यतेला वेळ लागेलच, तोवर शाळा म्हणून काही नाही, गल्लीतली पाच-सहा मुलं शनिवारी दुपारी दोन तास खेळायला-वाचायला बोलवा, एकही पैसा न घेता. माती, पुस्तकं, तागडी, कागद मांडून ठेवा आणि त्या रात्री दोघांनी वेगवेगळं बसून प्रत्येक मुलाबद्दल तीन ओळी लिहा, मग एकमेकांच्या ताडून बघा. असे दहा शनिवार झाले की त्या वह्या घेऊन दोघंही माझ्याकडं या, चहा घेत एकेक पान बघू.